कागदाचा रणगाडा : खेळ की शिक्षण?

दिवाळीच्या सुट्टीत किल्ला न केलेला मुलगा आपल्या बेळगावात शोधूनही सापडायचा नाही. दगड रचायचे, त्यावर गोणपाट टाकायचे, माती कालवून गिलावा द्यायचा, मोहरी पेरायची आणि ती उगवून आली की कुंभाराकडचे मावळे जागोजाग उभे करायचे, हा आपल्या सर्वांचा लहानपणीचा पाठ. परंतु वाचकहो, त्या किल्ल्याकडे कधी मोजपट्टी घेऊन पाहिले आहे काय? महादरवाजातून आत शिरायचे तर मावळ्याला वाकून नव्हे, आडवे पडून जावे लागेल. तळ्यातले बदक बुरुजाएवढे असते आणि जंगलातला वाघ तटावरून सहज आत डोकावतो. लहानपणी कुणाला त्याचे काही वाटत नाही, आणि वाटूही नये. तो किल्ला मोजण्यासाठी नसतोच, तो मिरवण्यासाठी असतो.

‘प्रमाण’ हा शब्द आपण सातवी-आठवीच्या गणितात शिकतो, त्यावरची उदाहरणे सोडवतो आणि परीक्षा संपली की विसरून जातो. मला तो शब्द खऱ्या अर्थाने कळला तो गेल्या वर्षी, कागदाचा रणगाडा करताना. या छोट्याशा उद्योगात मी काय शिकलो आणि त्याबद्दल माझे मत काय झाले आहे, ते सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

हा छंद आपल्याकडे फारसा कुणी करीत नाही. त्याचे खरे घर युरोपात, त्यातही पोलंडमध्ये आहे. पोलंडमध्ये १९५७ साली ‘मावी मोदेलाश’ नावाचे एक नियतकालिक सुरू झाले. नावाचा अर्थ ‘छोटा प्रतिकृतीकार’. त्याच्या पानांवर विमानांचे, जहाजांचे, रणगाड्यांचे सुटे भाग छापलेले असत. वाचकाने ते कापायचे, मुडपायचे, चिकटवायचे, की हातात वस्तू तयार. प्लॅस्टिकचे तयार संच सहज मिळत नसत त्या काळात कात्री, डिंक आणि धीर एवढ्या भांडवलावर पोलंडच्या मुलांनी घराघरांत आरमारे आणि चिलखती दळे उभी केली. त्याआधी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्येही ‘मायक्रोमॉडेल्स’ नावाच्या पोस्टकार्डाएवढ्या पत्रांवरून इवल्याशा प्रतिकृती करण्याची टूम निघाली होती. धातू युद्धाच्या कामी लागलेला, खेळणी मिळेनाशी झालेली. तेव्हा कागद मदतीला आला. गरीब काळाचा हा श्रीमंत छंद आहे, असे म्हटले तरी चालेल.

पोलंडमधील कागदी रणगाडे बहुधा एकास पंचवीस या प्रमाणात असतात. म्हणजे खऱ्या रणगाड्याचे पंचवीस सेंटिमीटर ते आपल्या टेबलावरचे एक सेंटिमीटर. प्लॅस्टिकच्या रणगाड्यांत मात्र एकास पस्तीस हे प्रमाण रूढ आहे. त्याचे कारण मोठे गमतीचे. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी जर्मन ‘पँथर’ रणगाड्याचा चालता संच काढला, तेव्हा आत मोटार आणि बॅटरी मावायला हवी होती. त्या बेताने रणगाड्याचा आकार ठरला आणि नंतर मोजून पाहता प्रमाण एकास पस्तीसच्या आसपास निघाले. पुढे साऱ्या जगाने तेच उचलले. एका बॅटरीने जगभरच्या हौशी लोकांचे प्रमाण ठरवून टाकले!

मी निवडला तो टी-३४-८५ हा रशियन रणगाडा. कुणा हौशी माणसाने त्याचा आराखडा इंटरनेटवर विनामूल्य ठेवला होता. पोलंडमध्ये या रणगाड्याला घरोघर ओळखतात. कारण १९६६ ते १९७० या काळात तेथील दूरदर्शनवर ‘चार रणगाडेवाले आणि एक कुत्रा’ ही मालिका गाजली आणि तिच्यातला ‘रूदी’ नावाचा रणगाडा याच जातीचा होता. माझे कारण मात्र इतके थोर नव्हते. मोबाईलवरच्या खेळात मी हा रणगाडा चालवीत असे आणि तो माझ्या टेबलावर असावा असे मला वाटे, एवढेच. प्लॅस्टिकच्या संचाची किंमत पाहिली तर माझ्या एका महिन्याच्या जेवणाखर्चाहून अधिक. कागदाला मात्र कुणी नाही म्हणत नाही.

आता आरंभीचीच फजिती सांगतो. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन जाड कागदावर प्रती काढून आणल्या. दोन पाने त्या दिवशी राहिली, ती दुसऱ्या दिवशी काढली. आठ दिवस खपून सांगाडा उभा केला आणि चाके बसवायला गेलो तर आस भोकांत शिरेना. मोजून पाहतो तो पहिल्या दिवशीची पाने किंचित लहान आली होती. संगणकाने ‘कागदात मावेल असे’ छापले होते, आणि मी मोजपट्टी न लावताच कात्री चालवली होती. तीन टक्क्यांचा फरक डोळ्यांना दिसत नाही. पण आसाला दिसतो. आठ दिवसांचे काम केरात गेले. तेव्हापासून कात्रीआधी मोजपट्टी, हा नियम मी स्वतःला घालून घेतला. कोणी प्राध्यापकांनी वर्गात दहा वेळा सांगितले असते तरी तो माझ्या अंगी इतका मुरला नसता.

साहित्य म्हणाल तर अगदी घरचे. पोलंडचे लोक भागांवर खुणा करून ठेवतात, की हा भाग अर्धा मिलिमीटर जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, हा एक मिलिमीटर. माझ्याकडे अर्ध्या मिलिमीटरसाठी जुन्या लग्नपत्रिका होत्या आणि एक मिलिमीटरसाठी दिनदर्शिकेचा मागचा पुठ्ठा. या पुठ्ठ्याला माझा कन्नड विभागातला मित्र ‘रट्टु’ म्हणतो. त्याच्या घरून रट्टु आला, माझ्या घरून पुठ्ठा, आणि रणगाड्याच्या पोटात गेल्यावर कुठला कोणता हे आम्हालाही ओळखता येईना. घडीच्या रेघा दाबून घ्यायला शाई संपलेले बॉलपेन. तोफेची नळी वळायला आईची विणकामाची सुई. खऱ्या रणगाड्याची नळी साडेचार मीटरांहून लांब, म्हणून माझी अठरा सेंटिमीटर. तिच्यात तीन कागद वाया गेले, चौथ्याला ती सरळ आली. कागदाला लाकडासारखी शीर असते, शिरेच्या दिशेने तो मुकाट्याने वळतो आणि आडवा वळवू गेलात तर मोडतो, हे तेव्हा समजले. प्रत्येक बाजूला मोठ्या चाकांच्या पाच जोड्या, म्हणजे दोन्हीकडच्या मिळून वीस चकत्या. प्रत्येक चकती सुमारे तेहतीस मिलिमीटर व्यासाची आणि तीन थरांची. पट्ट्याच्या कड्या एका बाजूला सत्तरहून अधिक. दोन महिने संध्याकाळी दुसरे काही केले नाही.

या दोन महिन्यांत माझे कोणते शिक्षण झाले? पहिले भूमितीचे. टी-३४ च्या पुढच्या तिरक्या पत्र्याची जाडी पंचेचाळीस मिलिमीटर. त्या काळच्या मानाने ही काही फार नव्हे. पण तो पत्रा उभ्या रेषेपासून साठ अंशांनी मागे कललेला आहे. समोरून आडव्या येणाऱ्या गोळ्याला मग पंचेचाळीस नव्हे, पंचेचाळीस भागिले साठ अंशांची कोज्या, म्हणजे नव्वद मिलिमीटर पोलाद भेदावे लागते. जाडी तेवढीच, आडकाठी दुप्पट. शिवाय तिरक्या पत्र्यावरून गोळा निसटून जाण्याचा संभव वेगळाच. हे मी पुस्तकात वाचले होते. परंतु जेव्हा एक पूर्णांक आठ दशांश मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा त्या कोनात धरून त्यातून टाचणी आडवी आरपार घातली आणि आतली लांबी मोजली, तेव्हा ती साडेतीन मिलिमीटरांहून थोडी अधिक भरली. कोज्या नावाची गोष्ट मी त्या दिवशी बोटाने चाचपली.

दुसरे शिक्षण असे, की कागद खोटे बोलत नाही. कागद वाकतो, पण ताणला जात नाही. त्याची वृत्तचिती होते, शंकू होतो, शंकुछेद होतो. चेंडू काही केल्या होत नाही. त्यामुळे सपाट पत्रे जोडून केलेली टी-३४ ची खालची बाजू कागदात सुरेख उतरते. पण त्याचा वरचा बुरूज ओतीव पोलादाचा, सर्व बाजूंनी गोलसर. तेथे शिंपी जसे पोलक्याला टक्स घालतो तशा चिरा देऊन, कडा जुळवून कसाबसा गोलवा आणावा लागतो. १९६५ च्या युद्धात असल उत्तरच्या रणभूमीवर ज्यांचा चुराडा झाला ते पॅटन रणगाडे तर कागदकामाचे वैरीच म्हणायचे, कारण त्यांतल्या काहींचे खालचे धूडही ओतीव आणि नावेसारखे गोल आहे. कोणता रणगाडा पत्रे जोडून केला आणि कोणता ओतून, म्हणजे तो बांधणाऱ्या देशाजवळ कोणत्या प्रकारचे कारखाने होते, हे कागद तुम्हाला न विचारता सांगून टाकतो.

येथवर ठीक. आता आक्षेपांकडे वळू. दोन आक्षेप मला तोंडावर ऐकावे लागले.

पहिला घरचा. “परीक्षा तोंडावर आली आणि हे कागदी घोडे काय नाचवतोस?” या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे. कागदी घोडे ते, की ज्यांच्या मागे काम नसते. येथे कामच कागदाचे आहे, आणि ते चुकले तर लगेच उघडे पडते. जो विद्यार्थी वीस चकत्या एकसारख्या कापू शकतो, त्याची प्रयोगवही बहुधा नीट असते. एवढे बोलून मी हा आक्षेप बाजूला ठेवतो.

दुसरा आक्षेप मात्र तितका हलका नाही. एका प्रदर्शनात मी हा रणगाडा मांडला होता. तेव्हा एक वयस्क बाई तो पाहून म्हणाल्या, “हात चांगला आहे बाळ तुझा. पण माणसे मारायचे यंत्र कशाला केलेस? देऊळ करायचे, पूल करायचा.” मी काहीतरी उत्तर दिले. उत्तर चुरचुरीत होते, पण खरे नव्हते. त्यांचा प्रश्न माझ्याबरोबर घरी आला.

मित्रहो, या आक्षेपात तथ्य आहे, हे आपण आधी कबूल करावे. ‘मावी मोदेलाश’ हे नियतकालिक काही केवळ मुलांच्या करमणुकीसाठी निघाले नव्हते. ते काढणारी संस्था सैनिकांच्या मित्रांची लीग म्हणवीत असे आणि पुढे तिचेच नाव देशसंरक्षण लीग झाले. मुलांना लहानपणापासून सैन्याची गोडी लागावी हा हेतू तिच्या नावातच आहे. आणि आपल्याला तरी रणगाडा का आवडतो? तो मोठा आहे, त्याला कुणी अडवू शकत नाही, तो समोरचे सारे चिरडून जातो, म्हणूनच ना? मी ज्या मोबाईलच्या खेळातून या छंदाकडे आलो त्यात रणगाडा जळतो तेव्हा आपल्याला गुण मिळतात. २०२२ साली युक्रेनमध्ये मोठे युद्ध पेटले, तेव्हापासून खरे रणगाडे जळतानाची चित्रे आपण त्याच मोबाईलवर पाहत आलो आहोत. काहींना तर मागे संगीत लावलेले असते. दहा सेकंद पाहायचे आणि अंगठ्याने वर सरकवायचे. खेळातला रणगाडा आणि खरा रणगाडा यांच्यात पडद्यावर काही फरक उरलेला नाही, ही खरी भीतीची गोष्ट आहे. त्या बाईंना कदाचित हेच म्हणायचे असेल.

पण मग कागदाचा रणगाडाही त्याच पंक्तीत बसतो काय? येथे मला एक जुनी हकीकत आठवते. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या व्हर्साय तहाने जर्मनीला रणगाडे बाळगण्यास बंदी केली. तेव्हा जर्मन सैन्य पत्रा, लाकूड आणि कापड यांचे खोटे रणगाडे करून कवायत करी. जर्मन सेनानी गुडेरियान यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे, की शाळेतली मुले त्या खोट्या रणगाड्यांच्या कापडात पेन्सिली खुपसून आत काय आहे ते पाहत, आणि पुढे खऱ्या चिलखती गाड्या आल्या तेव्हा त्यांची निराशा झाली. या हकिकतीत सेनानी काय करीत होते ते इतिहासाला ठाऊक आहे. मला त्यातली मुले आवडतात. भोक पाडून आत काय आहे ते पाहावे, हीच इच्छा त्यांना झाली. आत कोण आहे, हा खरा प्रश्न आहे. मला तो सुचला नव्हता. तो मला दुसऱ्या एका माणसाने विचारला.

माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. ते मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आपल्या बेळगावातच या रेजिमेंटचे केंद्र असल्याने तिच्या माणसांचे आपल्याला नवल नाही. आजूबाजूच्या प्रत्येक गावात असे एखादे तात्या कट्ट्यावर बसलेले असतात. १९७१ च्या लढाईत ते होते. लढाईच्या गोष्टी मात्र ते सांगत नाहीत. आम्ही लहानपणी हट्ट केला तर लंगरमधल्या पुऱ्यांची गोष्ट सांगत.

“काय करूलालास रे?” म्हणून ते माझ्या खोलीत आले. रणगाडा पुरा झाला होता. मी मोठ्या ऐटीने त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दिव्याजवळ नेला, उलटा केला, चाके फिरवून पाहिली. मला वाटले, आता शाबासकी मिळणार. त्यांनी वरच्या झाकणावर नख लावून पाहिले. मग पुढच्या झाकणाला नख लावले.

“दार उघडत नाही ह्याचं?”

“नाही तात्या, ते नुसतं वरून चिकटवलंय. शोभेला.”

“मग आतली माणसं भाईर कशी यायची?”

मी हसून म्हणालो, “आत माणसं नाहीतच की.”

तात्या हसले नाहीत. रणगाडा जपून टेबलावर ठेवीत म्हणाले, “आम्ही पायदळातली माणसं. जळालेला रणगाडा बघितलाय मी. वरचं झाकण अर्धं उघडलेलं होतं.” एवढे बोलून ते चहाला गेले. पुढचे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

त्या रात्री मला अभ्यास सुचला नाही. मी पुन्हा पुस्तके आणि आराखडे काढून बसलो, या वेळी चिलखत सोडून माणसे शोधण्यासाठी. टी-३४-८५ मध्ये पाच माणसे. पुढे दोन, वर बुरुजात तीन. बुरूज ज्या गोल कड्यावर फिरतो त्याचा आतला व्यास एक मीटर साठ सेंटिमीटर; माझ्या प्रमाणात सहा पूर्णांक चार दशांश सेंटिमीटर. पाच फूट सात इंच उंचीचा माणूस माझ्या प्रमाणात सहा पूर्णांक आठ दशांश सेंटिमीटरचा. म्हणजे तो त्या वर्तुळात सरळ आडवा झोपूही शकत नाही. अशा जागेत तीन माणसे, तोफेचा मागचा अवजड भाग, तो मागे उसळायची जागा आणि गोळे. मी कागदाची तीन माणसे कापली, गुडघ्यांत मुडपली आणि बुरूज उचलून आत ठेवून पाहिली. तोफेला जागा उरेना. तोफ बसवली तर एकाला जागा उरेना. शेवटी त्यांचे खांदे एकमेकांना लागले तेव्हा कुठे ती मावली.

पुढच्या दोघांचे तर आणखी विचित्र. ड्रायव्हरसमोर पुढच्या तिरक्या पत्र्यात एक झाकण आहे. त्याच्या शेजारी मशीनगनवर बसणाऱ्याला डोक्यावर स्वतःचे दारच नाही. त्याने ड्रायव्हरच्या दारातून यायचे, नाहीतर बुरुजाकडे सरपटायचे, नाहीतर तळाच्या झाकणातून निघायचे. शांतपणे टेबलाशी बसून मी चिमट्याने त्या कागदी माणसाला बाहेर काढू पाहिले. दोनदा त्याचा हात फाटला. आणि माझ्या रणगाड्यात धूर नव्हता, आग नव्हती, अंधारही नव्हता.

तिरक्या पत्र्याची जी हुशारी मला आवडली होती तिचीच ही दुसरी बाजू. पत्रा कलला की आतली जागा कमी होते. चिलखताच्या हिशेबात वाचलेली जाडी माणसांच्या खांद्यांनी भरून दिली. कोज्येच्या सूत्रात हे कुठे लिहिलेले नसते.

आपल्या इतिहासाचेच पाहा ना. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आपल्या पेटलेल्या सेंच्युरियन रणगाड्यातून अखेरपर्यंत लढले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस, म्हणजे आपल्यापैकी कित्येकांचे आहे तेच. त्या रणगाड्याचे नाव ‘फामागुस्ता’ होते, हेही पुष्कळांना ठाऊक असते. पण सेंच्युरियनमध्ये चार माणसे असतात. त्या दिवशी त्यांच्याबरोबर आत आणखी तिघे होते. आमच्या वर्गात मी विचारले, तर त्या तिघांपैकी एकाचेही नाव कुणाला सांगता आले नाही. मलाही आले नव्हते, मग दोष कुणाला देऊ? आपण रणगाड्याचे नाव लक्षात ठेवतो आणि आतल्या माणसांचे विसरतो, कारण आपण तो नेहमी बाहेरूनच पाहिलेला असतो.

म्हणून माझे मत असे आहे, की त्या बाईंचा आक्षेप बंद दाराच्या रणगाड्याला लागू पडतो, उघड्या दाराच्या रणगाड्याला नाही. बंद दाराची प्रतिकृती ही आपल्या दिवाळीच्या किल्ल्यासारखी, मिरवायला ठीक. किल्ल्यात तसे केले तर कुणाचे काही बिघडत नाही. पण जे यंत्र माणसांना आत घेऊन माणसांवरच चालून जाते, त्याच्या बाबतीत प्रमाण नुसते लांबी-रुंदीचे असून भागत नाही. प्रमाण लावायचे तर ते माणसालाही लावले पाहिजे. बाहेर एक माणूस उभा करा, म्हणजे रणगाडा समोरून येताना केवढा दिसतो ते कळेल. आत पाच माणसे बसवा, म्हणजे तो आतून केवढा आहे ते कळेल. हे दोन्ही दाखवणारा कागदाचा रणगाडा युद्धाची हौस वाढवणार नाही. उलट मोबाईलवर दहा सेकंदांत जळणाऱ्या रणगाड्याकडे पाहताना अंगठा क्षणभर थांबेल. माझा थांबतो.

अर्थात प्रतिकृतीलाही मर्यादा आहे. खरा रणगाडा सुमारे बत्तीस टनांचा. लांबी पंचवीस पट कमी केली म्हणजे वजन पंचवीसच्या घनाने, पंधरा हजार सहाशे पंचवीस पटींनी कमी व्हायला हवे. म्हणजे माझा रणगाडा दोन किलोंचा भरला पाहिजे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर तो पाव किलोही भरला नाही. कागदाने मला जागा शिकवली, कोन शिकवला. भार काही शिकवता आला नाही. तो तात्यांकडे आहे, आणि तो प्रमाणात लहान होत नाही.

शेवटी महाविद्यालयाच्या चालकांना व प्राध्यापकवर्गाला एक नम्र सूचना. आपल्या विज्ञान प्रदर्शनात प्रमाणबद्ध कागदी प्रतिकृतींचा एक वेगळा विभाग असावा. विषय ज्याला जो आवडेल तो घेऊ द्या; कुणी पूल करील, कुणी देऊळ, कुणी धरण, आणि माझ्यासारखा कुणी रणगाडा. खर्च जवळजवळ शून्य, म्हणून गरीब-श्रीमंत हा भेद नाही. भाषेचाही भेद नाही. कात्रीला मराठी-कन्नड कळत नाही. फक्त दोन नियम असावेत. पहिला, प्रत्येक प्रतिकृतीखाली तिचे प्रमाण लिहिलेले असावे आणि परीक्षकांनी मोजपट्टी लावून ते तपासावे. दुसरा, जेथे माणूस राहतो, बसतो वा काम करतो तेथे त्याच प्रमाणातला माणूस ठेवलेला असावा आणि दारे उघडणारी असावीत. पाहिजे तर अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, जी सहल जाईल तिने तेथले १९९४ साली उघडलेले रणगाडा संग्रहालय पाहून यावे. सेंच्युरियनही तेथे आहे आणि पॅटनही. जाताना मोजपट्टी न्यावी, आणि तोफेच्या नळीआधी दार मोजावे.

माझ्या रणगाड्याचे मी काय केले, असे कुणी विचारील. पुढचे झाकण पात्याने सोडवले आणि पातळ कागदाची बिजागरी करून पुन्हा बसवले. बुरुजावरची झाकणेही तशीच केली. पहिल्या कामाइतके ते सफाईदार झालेले नाही. एका कडेला कागद फाटून पांढरा दिसतो. मी तो रंगवायचे ठरवले होते, मग तसाच राहू दिला. तात्या परवा पुन्हा आले होते. त्यांनी नखाने झाकण उचलले, आत वाकून पाहिले, पाचही माणसे बोटाने मोजली आणि झाकण उघडेच ठेवून गेले.

— एक विद्यार्थी, बी. एस्सी. द्वितीय वर्ष